कॅमेरा घेण्याआधी मांजरपाट घ्या: सोलापुरातून सिनेमॅटोग्राफर होऊ पाहणाऱ्यांसाठी

दिवाळीत मी सोलापूरला आलो की कुणाचा तरी भाचा, नाहीतर गल्लीतल्या कुणाचा तरी धाकटा भाऊ चप्पल काढून दारात उभा राहतो. प्रश्न ठरलेला. "दादा, कॅमेरा कुठला घेऊ?" दोन लाखांचं कर्ज काढायची तयारी असते, वडिलांना पटवून झालेलं असतं, फक्त मी मॉडेलचं नाव सांगायचं बाकी असतं. मी चहा मागवतो आणि विचारतो, "आत्ता तुझ्या चेहऱ्यावर उजेड कुठून येतोय?" पोरगं आधी ट्यूबलाइटकडे बघतं. उजेड येत असतो डावीकडच्या भिंतीवरून, खिडकीतलं ऊन तिच्यावर आपटून.

ते ज्याला दिसत नाही त्याने कुठलाही कॅमेरा घेतला तरी फरक पडत नाही. हे मला कळायला सात वर्षं आणि एक कर्ज लागलं. तुमची वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितोय. ज्यांना यूट्यूबवर रील टाकायच्या आहेत त्यांच्यासाठी हे नाही, त्यात काही वाईट आहे असंही नाही. कथापटाचा कॅमेरा ज्याला करायचाय त्याने पुढे वाचावं.

१. पहिली खरेदी: २०० पानी वही

सुब्रत मित्रा हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर आज ऐका. १९३० साली कलकत्त्यात जन्मलेला हा माणूस. कॉलेजात असताना फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार 'द रिव्हर' नावाच्या चित्रपटाच्या शूटिंगला कलकत्त्यात आले. सुब्रत मित्रांनी काम मागितलं, ते मिळालं नाही. बाजूला उभं राहून बघायची परवानगी तेवढी मिळाली. मग त्यांनी बघायचंच काम केलं. लाइट कुठे लावलाय, कॅमेरा कुठे आहे, नट कुठून कुठे चालला, सगळं आकृत्या काढून वहीत. पुढे त्याच चित्रपटाचे कॅमेरामन क्लोद रेन्वार यांनी एका शॉटच्या वेळी आधीचा प्रकाश कसा होता हे पडताळायला या पोराची वही मागितली.

त्याच शूटिंगवर सत्यजित रायही येत असत. १९५२ च्या ऑक्टोबरात 'पथेर पांचाली' सुरू झाला तेव्हा मित्रा २२ वर्षांचे होते आणि सिनेमाचा कॅमेरा त्यांनी त्याआधी कधी चालवलेला नव्हता. कॅमेराही भाड्याचा. स्वतःचं म्हणावं असं काय होतं, तर ती वही.

तुम्हीही वही घाला. रोज एक नोंद. तारीख, वेळ, जागा, उजेड कुठून, कशावरून परतून, सावलीची कड धारदार की विरघळलेली. बाजूला चौकोन काढून त्यात माणसाची जागा आणि उजेडाचा बाण. चित्र वाईट आलं तरी चालेल, माझी माणसं अजूनही बाहुलीसारखी येतात. माझी पहिली नोंद अशी होती: "सकाळी ९.२०, मामाचा कारखाना. छतात दोन पत्रे पारदर्शक. लूमच्या मधोमध उजेड पडतो, कामगाराचं कपाळ आणि नाक उजळ, डोळे खड्ड्यात. तो सूत जोडायला वाकला की चेहरा एकदम मऊ दिसतो, कारण खालून पांढऱ्या कापडाचा उजेड." मामा म्हणाला, "काय बे, हिशोब लिहितोस का?" नोंदीतली ती पांढऱ्या कापडाची शेवटची ओळ लिहिली तेव्हा तिचा अर्थ मला कळला नव्हता. तुम्हाला तिसऱ्या पायरीत कळेल.

सापळा: मोबाइलमध्ये फोटो काढून "नंतर लिहीन" म्हणणं. फोटो काढला की डोळा बघायचं थांबवतो. आधी लिहा, मग फोटो काढा आणि ताडून पाहा. बहुतेक वेळा आपण चुकीचं लिहिलेलं असतं. तो चुकण्याचा भागच कामाचा.

२. एकच कॅमेरामन निवडा आणि त्याच्या मागे लागा

नवीन पोरं पन्नास जणांची नावं सांगतात आणि एकाचंही काम ओळखत नाहीत. वर्षभर एकच माणूस धरा. मी सुब्रत मित्रांना धरलं, म्हणून त्यांचंच उदाहरण देतो.

रायांबरोबर त्यांनी दहा कथापट केले, 'पथेर पांचाली' (१९५५) पासून 'नायक' (१९६६) पर्यंत. त्यानंतर दोघांनी पुन्हा एकत्र काम केलं नाही. मधल्या काळात आणि नंतर जेम्स आयव्हरी यांचे चार चित्रपट केले. हिंदीत राज कपूर आणि वहिदा रेहमान यांचा 'तीसरी कसम' (१९६६), आणि बऱ्याच वर्षांनी 'न्यू दिल्ली टाइम्स', ज्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटची काही वर्षं कलकत्त्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत शिकवलं. २००१ साली गेले. एवढ्या मोठ्या माणसाच्या चित्रपटांची यादी एका पानात बसते. करिअर म्हणजे दरवर्षी चार चित्रपट असं ज्यांना वाटतं त्यांनी ती यादी एकदा समोर ठेवावी.

बघायची पद्धत अशी. चित्रपट पहिल्यांदा सरळ बघा, रडा, हसा, काही लिहू नका. दुसऱ्यांदा आवाज बंद करा आणि एकच प्रसंग निवडा, पाचेक मिनिटांचा. प्रत्येक शॉटवर थांबा आणि वहीत चार गोष्टी लिहा:

- उजेड कुठल्या दिशेने येतोय, आणि तो यायला पडद्यावर कारण आहे का: खिडकी, दिवा, दार
- चेहऱ्याची अंधारी बाजू किती अंधारी
- मागची भिंत चेहऱ्यापेक्षा उजळ की गडद
- कॅमेरा डोळ्याच्या पातळीला, वर की खाली, आणि तो हलला तर कुणामुळे हलला

मित्रांच्या कामात पहिल्या मुद्द्याचं उत्तर जवळजवळ नेहमी मिळतं. उजेडाला कारण असतं. 'चारुलता'मध्ये बंद दारंखिडक्यांच्या घरात ती बाई दुर्बीण घेऊन एका खिडकीकडून दुसरीकडे जाते तो प्रसंग घ्या. घर स्टुडिओतलं आहे. तरीही दुपार कुठे आहे ते तुम्हाला सतत कळतं. 'नायक'मधला रेल्वेचा डबाही सेटवर उभारलेला. पण खिडकीजवळच्या माणसाचा चेहरा आणि आतल्या बाजूच्या माणसाचा चेहरा यांच्यातला फरक बघा. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये पहाटे तुमच्या समोरच्या बाकावर जो दिसतो तोच.

एवढं जुनं, कृष्णधवल नको असेल तर घरचं उदाहरण आहे. 'सैराट' (२०१६) आपल्याच जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात चित्रित झाला. कॅमेरा सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा. 'देऊळ' (२०११) आणि 'झुंड' (२०२२) यांचाही त्यांचाच. २०१८ चा 'नाळ' तर त्यांनी दिग्दर्शितही केला. हा फायदा जगातल्या फार कमी विद्यार्थ्यांना मिळतो: एसटीने जाऊन त्या जागेवर उभं राहायचं आणि पडद्यावरची फ्रेम हातात धरून ताडायची. मी गेलो तेव्हा भर दुपार होती आणि मला वाटलं, जागा चुकली. सगळं फिकट, पांढरट, धुरळलेलं. संध्याकाळी पाचनंतर त्याच जागी थांबलो आणि जागा सापडली. लोक तिथे जाऊन सेल्फी काढतात. तुम्ही घड्याळ बघा.

३. मांजरपाट बांधा

आता मुख्य गोष्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

'अपराजितो' (१९५६) या चित्रपटात बनारसचं एक घर आहे, मधे उघडा चौक. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांसारखं. घराचा सेट उघड्यावर बांधला तर पाऊस गाठेल म्हणून ते घर कलकत्त्यात स्टुडिओत उभारायचं ठरलं. मित्रांना धक्काच बसला. चौकात उजेड आभाळातून येतो, सगळीकडून, सावली न पाडता. स्टुडिओतले लाइट सरळ मारले की एका माणसाच्या चार सावल्या पडतात. मग त्यांनी सेटच्या डोक्यावर पांढरं कापड ताणून बांधलं आणि लाइट खालून वर त्या कापडावर मारले. कापडावरून परतून जो खाली आला, तो आभाळाचा उजेड. पुढे स्वीडनचे कॅमेरामन स्वेन निक्विस्त यांच्या अशा प्रकाशाचं जगभर कौतुक झालं. आमचा माणूस ते आधीच करून बसला होता. हे मी जरा अभिमानाने सांगतो, माफ करा.

का होतं असं? प्रकाशाचा उगम चेहऱ्याच्या मानाने लहान असला की सावलीची कड सुरीसारखी. उगम मोठा असला की कड विरघळते. बल्ब लहान आहे. बल्बचा उजेड मोठ्या कापडावर पडला की उगम कापड होतं, बल्ब नव्हे. बस, एवढंच. पण हे वाचून कळत नाही, करून कळतं.

लागणारं सामान: तीन-साडेतीन मीटर पांढरं मांजरपाट, म्हणजे साधं सुती कापड (कोऱ्या मांजरपाटात पिवळट झाक असते, ती चेहऱ्यावर उतरते, म्हणून धुतलेलं पांढरं मागा), सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे, एक एलईडी बल्ब आणि होल्डर, एक काळं घोंगडं, आणि न कंटाळता बसणारं माणूस. मी आईला बसवत असे. ती शेंगा निवडत बसायची, त्यामुळे हातालाही काम आणि मलाही शॉट.

रात्री खोलीत बाकीचे दिवे बंद करा. आधी बल्ब सरळ चेहऱ्यावर मारा. नाकाची सावली ओठावर पडलेली दिसेल. आता बल्ब उलटा फिरवून भिंतीला बांधलेल्या मांजरपाटावर मारा. सावली गेली, पण उजेडही कमी झाला. इथे पोरं चिडून बल्ब वाढवतात. बल्ब वाढवू नका, कापड चेहऱ्याजवळ आणा. अंतर निम्मं केलं की लहान उगमाचा उजेड चौपट होतो. मोठ्या कापडाला हा हिशोब अगदी तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा तीच. कापड जितकं जवळ तितका उजेड जास्त, आणि मऊही जास्त.

मग घोंगडं घ्या. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, हातभर अंतरावर धरा. त्या बाजूचा गाल खाली जाईल. उजेड लावता येतो तसा काढूनही घेता येतो, हे मला या घोंगड्याने शिकवलं. मुंबईत याच कामाला मोठमोठे काळे कापडी पडदे येतात, तत्त्व हेच.

सापळा खास सोलापूरचा. मांजरपाट आणायचा कंटाळा म्हणून मी पहिल्यांदा घरातली चादर बांधली. आपली सोलापुरी, हिरव्या-लाल नक्षीची, जिला मानांकन मिळालंय तीच. उजेड छान मऊ आला आणि आई कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. मी तासभर मोबाइलचा व्हाइट बॅलन्स (चित्रातली रंगाची झाक सुधारायचं सेटिंग) खालीवर करत बसलो. शेवटी आईनेच वर बघितलं आणि म्हणाली, "अरे, चादरीचा रंग येतोय की तोंडावर." परतणारा उजेड आपल्याबरोबर रंग घेऊन येतो. तेव्हापासून कुठल्याही लोकेशनवर गेलो की मी आधी भिंतींचे रंग बघतो. पोपटी ऑइलपेंटची खोली असेल तर तिथे नायिकेला बसवायची नाही, किंवा भिंत झाकायची.

४. सोलापूरच्या उन्हाशी जमवून घ्या

आपल्याकडचं ऊन हा विषय वेगळा आहे. पुस्तकं "सकाळ-संध्याकाळचा सोनेरी तास" सांगतात. मार्च ते मे आपला तो तास अर्धाही टिकत नाही. मेमध्ये एक दिवस तर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. तेव्हा डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि नाक पांढरं. त्या वेळात उघड्यावर शूटिंग ठेवू नका. ठेवावंच लागलं तर माणसाला ओसरीत, मांडवात, कडुलिंबाखाली घ्या आणि समोरच्या जमिनीवरून परतणारा उजेड वापरा. जमीन पांढरट असेल तर ती मांजरपाटासारखं काम करते. आपली काळी माती काही परत देत नाही. तिथे जमिनीवर कापड अंथरा, फ्रेमच्या खाली.

पत्र्यापासून जपा. शेडच्या पत्र्यावरून येणारा उजेड मऊ नसतो, चट्टेपट्टे पाडतो.

मोबाइलवर शिकणाऱ्यांसाठी तीन आकडे: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) कमीत कमी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ३० फ्रेम आणि १/६० वर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. कारखान्यात शूट करणाऱ्यांनी हे पाठच करावं. प्रो मोड नसेल तर हाताने शटर लावता येणारं एखादं ॲप घ्या. उन्हात १/५० ठेवलं की चित्र पांढरंफटक होणार, त्यावर उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळसर काच. तो मिळेपर्यंत सावलीत शिका. आणखी एक: कारखान्यातून बाहेर आलात की लेन्स पुसा. कापसाची बारीक धूळ काचेवर बसते आणि सगळ्या चित्रावर दूध सांडल्यासारखं दिसतं.

५. परीक्षा द्यायची तर गड्ड्याच्या यात्रेत द्या

संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज (उंच, सजवलेल्या काठ्या) ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं रस्त्यावर येतात. कॅमेऱ्यासाठी याच्याइतकी अवघड गोष्ट मी मुंबईतही पाहिली नाही. पांढरे कपडे, ऊन, आणि त्यावर सावळे चेहरे. चेहरा नीट धरला तर बाराबंदी जळते, म्हणजे तिच्यात सुरकुती, शिवण, काहीच उरत नाही. बाराबंदी धरली तर चेहरा काळा.

पहिल्या वर्षी मी पूर्ण वेळ ऑटोवर टाकलं होतं. फ्रेममध्ये पांढरं वाढलं की चित्र अंधारायचं, कमी झालं की उजळायचं. मिरवणूक कमी आणि दिवाळीची माळ जास्त. दुसऱ्या वर्षी एक्स्पोजर (चित्र किती उजळ घ्यायचं ते) बाराबंदीवर लॉक केलं आणि चेहरे घालवले. तिसऱ्या वर्षी कंटाळून एका कट्ट्यावर बसलो आणि नुसतं बघत राहिलो. सूर्य माणसांच्या पाठीमागे होता, म्हणजे चेहरे सावलीत असायला हवे होते. पण गर्दीच्या मधोमध काठी पेलणाऱ्याचा चेहरा उजळ होता. मऊ, खालून आणि समोरून. समोरच्या शंभर बाराबंद्यांवर ऊन पडत होतं आणि ते परतून त्याच्या तोंडावर येत होतं. सुब्रत मित्रांचं कापड रस्त्याने चालत निघालं होतं! मामाच्या कारखान्यातल्या नोंदीची शेवटची ओळ तेव्हा मला उमगली.

तर पद्धत अशी. सूर्य त्यांच्या पाठीशी येईल अशा बाजूला उभे राहा. कडेचे लोक सोडा, गर्दीच्या आतला चेहरा शोधा. एक्स्पोजर हाताने लॉक करा, आणि बाराबंदीची शिवण दिसतेय तोपर्यंतच उजळ करा. मोबाइलवर पांढऱ्या कापडावर बोट दाबून धरा आणि मग थोडं वर ओढा. आणि मानकऱ्यांच्या वाटेत जाऊ नका. शॉट गेला तर गेला.

६. लग्नाच्या शूटिंगला नावं ठेवू नका, पण तिथे अडकूही नका

सोलापुरात या कामात पहिला पैसा लग्नातूनच मिळतो. स्टुडिओवाल्या अण्णांकडे एक्स्पोजिंगला जायचं, म्हणजे त्यांच्या ऑर्डरवर दिवसाच्या पैशात शूट करून द्यायचं. इथे हात बसतो. अक्षता पुन्हा पडत नाहीत, त्यामुळे चुकायची मुभा नसते. फोकस, बॅटरी, कार्ड, माणसांशी बोलणं, सगळं इथेच शिकलो.

सापळे भराभर सांगतो. इसार घेतल्याशिवाय तारीख अडवू नका. किती तास, किती कॅमेरे, किती दिवसांत मिक्सिंग (एडिटिंग), हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. कार्ड रिकामं करायच्या आधी डेटा दोन ठिकाणी उतरवा. एकदा हळदीचं कार्ड मी कॉपी झालं समजून फॉरमॅट केलं होतं. त्या घरच्या माणसांनी मला काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि ते बरोबर होते.

अडकण्याचं म्हणाल तर, लग्नात कॅमेरा सगळं दाखवायला जातो. सिनेमात काय दाखवायचं नाही हे ठरवावं लागतं. पाच वर्षं फक्त लग्नं केली की दुसरी सवय मोडते. म्हणून वर्षातून एक तरी दहा मिनिटांची गोष्ट दोस्तांना घेऊन करा.

माझी पहिली गोष्ट ज्वारीच्या शेतातली होती, मंगळवेढ्याच्या बाजूला. अर्धी एका रविवारी शूट केली, अर्धी पुढच्या रविवारी करायची होती. गेलो तर ज्वारी काढलेली, कणसं खुडलेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या. शेतकरी म्हणाला, "तुमच्या शिनेमासाठी पीक उभं ठेवू होय?" नंतर वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं. 'पथेर पांचाली'च्या पहिल्या शूटिंगला काशफुलांच्या रानात अर्धा प्रसंग झाला आणि आठवड्याने परत जाईपर्यंत गुरांनी फुलं खाऊन टाकली होती. त्यांनी पुढच्या हंगामापर्यंत वाट पाहिली. मी गोष्टच बदलली. शेतात शूटिंग असेल तर शेतमालकाला काढणीची तारीख आधी विचारा.

७. परवानग्या

हातात मोबाइल घेऊन एकटे फिरत असाल तर सहसा कुणी हटकत नाही. तिपाई ठेवली की तुम्ही शूटिंगवाले झालात. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथे तिपाई आणि नट घेऊन जाण्याआधी खात्याची लेखी परवानगी. स्टेशनवर आणि गाडीत रेल्वेची. देवळात देवस्थानची. रस्त्यावर गर्दी जमणार असेल तर पोलिस ठाण्यात अर्ज. खासगी वाडा किंवा कारखाना असेल तर मालकाची सही असलेला साधा कागद, तारीख आणि वेळेसह. ड्रोन मित्राच्या लग्नात उडवला म्हणून सगळीकडे उडवता येतो असं नाही. होटगी रोडला विमानतळ आहे, सरकारी नकाशात कुठला भाग लाल दाखवलाय ते बघूनच उडवा.

अर्जाला लागतं ते: आधारची प्रत, कथेचा अर्धा पानी सारांश, माणसांची आणि सामानाची यादी, तारीख-वेळ, आणि विद्यार्थी असाल तर कॉलेजचं पत्र. हे पाचही कागद एका फाइलमध्ये कायम तयार ठेवा.

८. पुण्याचा रस्ता

पुण्यातली फिल्म इन्स्टिट्यूट म्हणजे एफटीआयआय, १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली. तिथला सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि त्याला पदवी लागते, कुठल्याही शाखेची चालते. मला हा रस्ता बंद झाला, कारण बी.कॉम.चं शेवटचं वर्ष मी लग्नाच्या सीझनमध्ये घालवलं. तुम्ही तो मूर्खपणा करू नका. पदवी पूर्ण करा, मार्क कितीही पडोत.

प्रवेशपरीक्षेचं स्वरूप आणि तारखा बदलत असतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मुलाचं ऐकू नका, चालू वर्षाची अधिसूचना स्वतः वाचा. सगळ्यात मोठा सापळा कागदांचा आहे. संस्था केंद्र सरकारची आहे. ओबीसीचा राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमी लेयर दाखला तिथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही तसंच. सेतू केंद्रात अर्ज करताना "केंद्राच्या नोकरी-शिक्षणासाठीचा" असं स्पष्ट सांगा. माझ्या मित्राने ते सांगितलं नाही आणि शेवटच्या आठवड्यात तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या.

आणि हो, रंगांधळेपणा आहे म्हणून कुणी मागे फिरत असेल तर थांबा. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने या कारणावरून विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमांतून वगळू नये असं सांगितलं आहे.

तयारी काय करायची? वही. मुलाखतीत "हा फोटो असा का काढला" याचं उत्तर देता आलं पाहिजे, आणि वर्षभराच्या नोंदी असलेला मुलगा त्यावर तासभर बोलू शकतो.

९. मुंबईचा रस्ता

ज्यांना पदवी नाही, पैसे नाहीत किंवा धीर नाही, त्यांच्यासाठी हा. मी यानेच गेलो.

भाड्याने कॅमेरे देणाऱ्या कंपनीत अटेंडंट म्हणून लागा. कॅमेऱ्याबरोबर सेटवर जायचं, पेट्या उचलायच्या, लेन्स पुसून द्यायच्या, संध्याकाळी मोजून परत आणायच्या. अटेंडंट, मग दुसरा असिस्टंट, मग फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा), मग कॅमेरा ऑपरेट करणारा, आणि नशीब असेल तर डीओपी, म्हणजे सिनेमॅटोग्राफर. फोकस पुलरपर्यंत पोचायला मला साडेचार वर्षं लागली. त्या काळात वीस डीओपींना जवळून काम करताना बघितलं, फी न भरता. रात्री खोलीवर येऊन आकृत्या काढायच्या. सुब्रत मित्रांनी तेच केलं होतं.

लाइटवाल्या दादांशी नीट वागा. ते जे बोलतात ते पुस्तकात नाही. उजेड अडवायचा काळा पडदा म्हणजे "कटर", परतवायचा पांढरा तक्ता म्हणजे "थर्माकोल". पहिल्या दिवशी मला "थर्माकोल आण" म्हणाले आणि मी प्रॉडक्शनवाल्याकडे पॅकिंगचा मागायला गेलो.

पैशाचं: काम झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पैसे येणं हे तिथे नेहमीचं आहे, म्हणून किमान तीन महिन्यांचं भाडं आणि खाणं हातात असल्याशिवाय जाऊ नका. बिलातून टीडीएस कापला जातो. उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरल्यावर तो परत मिळतो. माझे पहिल्या दोन वर्षांचे मी आळसाने सोडले. कागद लागतात ते आधार, पॅन, रद्द केलेला चेक आणि पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो. वेस्टर्न इंडिया सिनेमॅटोग्राफर्स असोसिएशनचं सदस्यत्व हा पुढचा टप्पा. ते कधी आणि कसं घ्यायचं हे तुम्ही ज्यांना असिस्ट करता त्यांना विचारा, बाहेरच्या "कार्ड काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

शोरील, म्हणजे काम मागताना दाखवायची निवडक शॉटची फिल्म, दोन मिनिटांची करा. ड्रोन, सूर्यास्त आणि स्लो मोशन सगळ्यांकडे असतं. एक खोली, एक माणूस, एक खिडकी असा शॉट सुरुवातीला ठेवा. मला पहिलं स्वतंत्र काम आई शेंगा निवडतेय त्या शॉटवर मिळालं. मांजरपाटाने केलेला, घरातल्या त्याच खोलीत.

सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट आधी काढून ठेवा, सीझनला मिळत नाही. पिशवीत वही, शेंगाचटणी, कडक भाकरी, आणि घोंगडं. मांजरपाट मुंबईत कुठेही मिळतं. चांगलं जाड काळं घोंगडं मला तिथे मिळालं नाही, मामाकडून मागवावं लागलं.